डबलबारी, पडवीतला स्टुडिओ आणि डॉन जॅझी

प्रश्न: ताई, मी कुडाळजवळच्या गावात राहतो, वय २३. डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची भजनं नि दशावतारातली पदं साध्या माइकवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो, बीट्सपण बनवतो. नायजेरियन गायक रेमाचं 'काम डाऊन' हे गाणं ऐकलं तेव्हा त्याच्यामागचा तिथलाच संगीत प्रोड्यूसर डॉन जॅझी कळला. त्याच्यासारखं काहीतरी उभं करायचंय. पडवीत स्टुडिओ बांधायला बाबा आंब्याच्या कलमांवर कर्ज काढतायत. काढू दे का, की सरळ मुंबई गाठू?

उत्तर: अरे, बाबांना थांबव आधी! डॉन जॅझीची गोष्ट नीट बघ, त्यात भिंती फार उशिरा येतात. १९८२ चा जन्म, २००० मध्ये लंडनला गेला तो चर्चमध्ये ड्रम वाजवायला, पोटासाठी मॅकडोनाल्ड्समध्ये सिक्युरिटीची नोकरी केली, आणि तिथल्याच नायजेरियन पोरांच्या गोतावळ्यात त्याला डी'बांज हा गायक सापडला. २००४ मध्ये दोघांनी मो'हिट्स ही गाण्यांची रेकॉर्ड कंपनी काढली, लेगोसला परतले नि तिथून पुढे गाणी गाजत गेली.

२०१२ मध्ये दोघं वेगळे झाले आणि त्याच वर्षी डॉन जॅझीने मॅव्हिन रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी सुरू केली. मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक इथून पुढचं आहे. तू म्हणतोस त्या 'काम डाऊन'चा बीट त्याचा नाहीच, तो मॅव्हिनमधल्या आंद्रे व्हाइब्झ आणि लंडन नावाच्या प्रोड्यूसरांचा. एवढा नावाजलेला माणूस खुर्ची दुसऱ्यांना देतो, रेमाला २०१९ मध्ये पुढे आणतो, आयरा स्टार या गायिकेला आधी नीट तयार करून मग २०२१ मध्ये लाँच करतो, हे किती जणांना जमतं? २०२४ मध्ये युनिव्हर्सल म्युझिकने मॅव्हिनमध्ये मोठा हिस्सा घ्यायचं ठरवलं ते या माणसांच्या जोरावर.

तुझ्याकडे बुवा आहेत, पखवाजवाले आहेत, चांगला गळा असलेली गावातली पोरं असतील, त्यांच्यावर वेळ घाल. खोलीचं म्हणशील तर चिऱ्याच्या उघड्या भिंतीवरून आवाज परत येतो, जाड गोधड्या टांगून बघ, बराच फरक पडतो. पडवीवर पत्रा असेल तर पावसात रेकॉर्डिंग विसर, आतली खोली घे. कंडेन्सर माइकला, म्हणजे स्टुडिओतल्या नाजूक माइकला आपली दमट हवा बाधते, काम झालं की घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. लाईट जातेच, तेव्हा पैसे जमले की पहिला इन्व्हर्टर.

मुंबईला मिक्सिंग शिकायला थोडे महिने जरूर जा, पण डबलबारी मुंबईतल्या पोरांपेक्षा तुला जास्त कळते हे लक्षात ठेव. आणि एक, पुढच्या रेकॉर्डिंगच्या आधी बुवांशी बसून साध्या कागदावर लिहून घे: रेकॉर्डिंग कोणाचं, यूट्यूबचे पैसे आले तर कोणाला किती, पद कोणी रचलं त्याचं नाव कुठे येणार. ओळखीतल्या माणसाकडे कागद मागायला जड जातं, माहितीय मला, तरी माग.