जीव रसायनांतून घडला असेल, तर तो आज पुन्हा का घडत नाही, आणि पृथ्वीबाहेर सापडला तर ओळखायचा कसा?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिला सजीव निर्जीव रसायनांतून आपोआप घडला असेल, तर तसे आज कुठेही घडताना का दिसत नाही. आणि मंगळावर किंवा अन्यत्र काही सापडलेच, तर ते जिवाचेच आहे हे कशावरून ठरवणार. मी जीवशास्त्रज्ञ नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील बल्क ड्रग (औषधांतील मूळ द्रव्य) बनवणाऱ्या एका कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, प्रयोगशाळेत माझी ३१ वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर मी ऐरोलीत राहतो. तरीही उत्तर देण्याचे धाडस करतो आहे, कारण समोर आलेला पदार्थ कोणत्या मार्गाने तयार झाला असेल, हा आमचा रोजचा प्रश्न होता आणि आपले दोन्ही प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतात.

पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर डार्विन यांनी १८७१ मध्ये जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रातच आहे. एखाद्या कोमट डबक्यात अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, उष्णता, प्रकाश आणि वीज यांच्या योगाने प्रथिनासारखे संयुग तयार झाले, तरी आजच्या काळात ते लगेच खाऊन टाकले जाईल. सजीव अस्तित्वात येण्यापूर्वी मात्र तसे झाले नसते, असे त्यांनी लिहिले होते. ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांजवळचा चिखल चमचाभर घेतला, तर त्यात अगणित जिवाणू असतात. त्यांच्या तावडीतून एखादे मोकळे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक रेणू) वाचून पुढे कशाची तरी सुरुवात करील, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. दुसरा अडथळा ऑक्सिजनचा. खाडीतील लहान रोहित पक्षी ज्या नीलहरित शैवालावर पोसले जातात, त्याच्या पूर्वजांनी सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठवायला सुरुवात केली, आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात असे नाजूक रेणू फार काळ तग धरत नाहीत. ज्या परिस्थितीत जीव घडला, ती परिस्थिती जिवानेच मोडून टाकली, असे म्हणता येईल.

राहिला कच्च्या मालाचा प्रश्न. तो दुर्मीळ नाही, हे आता निर्विवाद आहे. स्टॅनली मिलर यांनी १९५३ मध्ये हॅरल्ड युरी यांच्या शिकागोतील प्रयोगशाळेत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळवली. त्यांच्या निधनानंतर, २००८ मध्ये, त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या नव्या उपकरणांवर तपासल्या गेल्या, तेव्हा ज्वालामुखीसदृश मांडणीच्या एका प्रयोगात २२ अमिनो आम्ले आढळली. (अर्धशतक जुने नमुने नावनिशीवार जपून ठेवणाऱ्या माणसाविषयी क्यूसीवाल्याला वाटणारा आदर इतरांना कदाचित समजणार नाही.) आद्य पृथ्वीचे वातावरण मिलर यांच्या मिश्रणासारखे नसावे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत ७० हून अधिक अमिनो आम्ले सापडली आहेत. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या सुमारे १२१ ग्रॅम मातीतही प्रथिनांत वापरल्या जाणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्ले, आणि डीएनए-आरएनए या आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या रेणूंमधील पाचही क्षारके मिळाली.

पण माल गोदामात असणे आणि बॅच बाहेर पडणे, यांत फार अंतर असते. खरी अडचण पाण्याची आहे. अमिनो आम्ले किंवा आरएनएचे घटक एकमेकांना जोडले जाताना दर सांध्यामागे पाण्याचा एक रेणू सुटतो. भोवती पाणीच पाणी असेल, तर ही अभिक्रिया पुढे सरकण्याऐवजी उलटी फिरते. एस्टर बनवताना सुटणारे पाणी सतत काढून घेतले नाही तर काम अर्ध्यावर अडते, हे प्लांटमधला ऑपरेटरही आपल्याला सांगेल. म्हणूनच, जिवाची सुरुवात खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांपाशी झाली की जमिनीवरील गरम पाण्याच्या डबक्यांत, या वादात माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. समुद्राची बाजू कमकुवत नाही. अटलांटिकच्या तळाशी २००० मध्ये सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ या अल्कधर्मी झऱ्यांच्या सच्छिद्र खडकात, पेशी आपल्या पातळ आवरणाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या प्रमाणातील ज्या प्रकारच्या फरकावर आपली ऊर्जा मिळवते, तसा फरक निसर्गतः असतो. मात्र तिथे काही वाळत नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यात अकलोली-गणेशपुरीला कुंडाच्या काठी बसून पाहावे: गरम पाणी दगडावर उडते, सुकते, पुन्हा भिजते. वाळताना रेणू दाटीने जवळ येतात आणि जोडले जातात, भिजताना ते मोकळे होऊन नव्या जोड्या शोधतात. बेन्नूच्या मातीत खारे पाणी आटून मागे राहिलेले क्षारही सापडले, तेव्हा या मताला थोडे बळ आले असे मला वाटले; अर्थात लघुग्रह म्हणजे कुंड नव्हे.

त्या साखळ्यांतून स्वतःची नक्कल करणारी व्यवस्था कशी उभी राहिली, हे अजून कोणत्याही प्रयोगशाळेला आरंभापासून शेवटपर्यंत करून दाखवता आलेले नाही. आरएनए माहितीही साठवतो आणि काही अभिक्रियाही घडवतो, या शोधासाठी सिडनी आल्टमन आणि थॉमस चेक यांना १९८९ चे नोबेल मिळाले. वेंकटरामन रामकृष्णन यांच्यासह तिघांना २००९ मध्ये ज्या रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, रचनेसाठी ते मिळाले, त्यात प्रथिने जोडणारा गाभाही आरएनएचाच आहे. यावरून आरएनए आधी आणि प्रथिने नंतर, असा तर्क केला जातो.

आता आपला दुसरा प्रश्न. एकच औषध दोन वेगळ्या मार्गांनी बनवता येते, आणि शुद्ध रेणू पाहून मार्ग कळत नाही. तो कळतो सोबत आलेल्या अशुद्धींवरून, म्हणजे आम्ही ज्याला इम्प्युरिटी प्रोफाइल म्हणतो त्यावरून. जीवसृष्टीच्या शोधातही हेच तत्त्व आहे. नुसती रासायनिक प्रक्रिया निवड करत नाही. ती शक्य असलेले बहुतेक सगळे रेणू बनवते, लहान जास्त आणि मोठे कमी. बेन्नूच्या मातीत अमिनो आम्लांची डावी आणि उजवी रूपे (एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे) जवळपास सारख्या प्रमाणात आढळली. जीव मात्र मोजकेच रेणू उचलतो आणि प्रथिनांसाठी जवळजवळ केवळ डावे रूप वापरतो. तेव्हा ‘अमुक ग्रहावर सेंद्रिय रेणू सापडले’ अशी बातमी वाचली की रेणूंचे नाव सोडून त्यांचे प्रमाण आणि वाटप काय आहे, ते विचारावे.

याहून मोठी भीती आपल्याच घरच्या जिवाणूंची असते. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोचा फुगा सोडण्यात आला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून गोळा केलेल्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आणि त्यांपैकी एकीला आर्यभटांचे नाव देण्यात आले. नमुने दूषित होऊ नयेत म्हणून मोठी काळजी घेतलेली असूनही हे जिवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत असे यातून सिद्ध होत नाही, असे इस्रोच्या निवेदनातच नमूद केले होते. तो संयम मला जातींच्या शोधाहूनही मोलाचा वाटतो.

शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहाच्या फवाऱ्यांत क्षार, हायड्रोजन आणि फॉस्फेट आढळले आहेत, आणि गुरूच्या युरोपा या उपग्रहाकडे निघालेले क्लिपर यान २०३० मध्ये तिथे पोहोचेल. परंतु सध्या सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा पुरावा मंगळावरचा आहे. जेझेरो विवराच्या भागात नासाच्या पर्सिव्हिअरन्स या फिरत्या यानाने जुलै २०२४ मध्ये एका खडकातून नमुना काढला. त्यावरचा शोधनिबंध सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या खडकावर बिबट्याच्या अंगावर असावेत तसे ठिपके आहेत आणि त्यांत व्हिव्हिअनाइट हे लोहाचे फॉस्फेट व ग्रेगाइट हे लोहाचे सल्फाइड असल्याची चिन्हे आहेत. पृथ्वीवर अशी खनिजे बहुधा ऑक्सिजनविरहित चिखलात जिवाणूंच्या कामामुळे तयार होतात, पण जिवाणूंवाचूनही ती बनू शकतात. जिवाणू हलक्या गंधकाला पसंती देतात, म्हणून गंधकाच्या समस्थानिकांचे (हलक्या-जड अणूंचे) प्रमाण मोजता आले तर बरेच कळेल. पण ते काम पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेचे आहे आणि नमुना अजून मंगळावरच नळीत बंद आहे.

असाच पेच माझ्या गॅलरीतही झाला. नातीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मी प्लॅस्टिकच्या बाटलीत खाडीचा चिखल, वर्तमानपत्राचे तुकडे, खडूची पूड आणि अंड्याचा बलक भरून विनोग्राडस्की यांच्या पद्धतीचा स्तंभ, म्हणजे जिवाणूंचे थर वाढवण्याची बाटली, तयार केला. काही आठवड्यांत तळाशी लोह-गंधकाचा काळा थर आणि वर हिरवे-जांभळे पट्टे आले, आणि वासाबद्दल घरात बरेच ऐकूनही घ्यावे लागले. मी नातीला म्हटले, हा काळा थर जिवाणूंनी केला. तिने विचारले, “आजोबा, कशावरून?” आयुष्यभर प्रत्येक चाचणीबरोबर ब्लँक (तुलनेसाठीचा कोरा नमुना) लावणाऱ्या माणसाने इथे ब्लँक लावलाच नव्हता. मग जुन्या कुकरमध्ये तीन दिवस रोज वाफवलेला तोच चिखल दुसऱ्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून पहिलीशेजारी ठेवला. आज सहा आठवडे झाले, ती बाटली अजून राखाडीच आहे.