पोकरच्या डब्यात पैसे कमी का पडतात?

प्रश्न : आम्ही सहा मित्र महिन्यातून एकदा शनिवारी रात्री आमच्या घरी पोकर हा पत्त्यांचा खेळ पैसे लावून खेळतो. प्रत्येकानं ५०० रुपये देऊन चिप्स (पैशांऐवजी लावायच्या रंगीत चकत्या) घ्यायच्या, संपल्या की पुन्हा घ्यायच्या. पैसे माझ्याकडं एका डब्यात. गेल्या वेळी शेवटी सगळ्यांचे पैसे चुकते करताना डब्यात ७०० रुपये कमी पडले, ते मी खिशातून घातले. असं दुसऱ्यांदा झालं. आमच्यात लबाडी करणारं कुणी नाही. मग पैसे जातात कुठं?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : मित्रांवर संशय घेतला नाहीत, हे फार चांगलं केलंत. घरच्या डावात पैसे चोरीनं क्वचितच जातात, उधारीनं जातात. चिप म्हणजे पावती. डब्यात पैसे पडल्याशिवाय पावती फाडायची नाही, हा नियम कुठंतरी मोडलाय.

बहुतेक वेळा असं घडतं. डाव रंगात आलेला असतो, एकजण ऑल-इन जाऊन, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स एकदम लावून, हरतो आणि म्हणतो, ‘दे रे पाचशेच्या, नंतर फोनपे करतो.’ तुम्ही पत्ते वाटता वाटता चिप्स सरकवता. पुढं त्याला पानं चांगली लागतात आणि उठताना त्याच्यासमोर ९०० च्या चिप्स असतात. तो ९०० घेऊन जातो. आधीचे ५०० त्यानं दिलेच नव्हते, हे त्याच्याही ध्यानात नसतं आणि तुमच्याही. त्यात मध्येच भजी मागवताना डब्यातून २०० काढले असतील, तर झाले की तुमचे ७०० पुरे. तिसरी चूक यजमानाचीच असते : स्वतःच्या पहिल्या ५०० च्या चिप्स घ्यायच्या आणि ‘डबा माझ्याकडंच आहे’ म्हणून पैसे टाकायचे राहून जायचं.

यावर उपाय वहीचा. एका पानावर नाव, वेळ, रक्कम, रोख की फोन, आणि घेणाऱ्याची सही. दुसऱ्यांदा चिप्स घेतल्या तर आधीचे ५०० खोडून १००० करू नका, नवी ओळ घाला. लिहिताना मोठ्यानं म्हणा, ‘तिसरी खरेदी, दीड हजार झाले.’ आपल्याकडं टेबलावर मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारे बसतात, म्हणून आकडे सगळ्यांना वाचता येतील असे इंग्रजीच घाला. फोनवर आलेले पैसे तुमच्या घरखर्चात मिसळतात, म्हणून शक्यतो सगळे रोख घ्या. नाहीतर पैसे खात्यात जमा झाल्याचं बघून मगच चिप्स द्या.

चिप्सची वाटणीही सगळ्यांना सारखीच हवी. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, ५ आणि १० असतील, तर ५०० साठी पाचाच्या १०, पंचविसाच्या १० आणि शंभराच्या २ : ५० + २५० + २००. कुठला रंग किती रुपयांचा, हे कागदावर लिहून टेबलावर ठेवा. उरलेल्या चिप्स मोजून डब्याशेजारी ठेवायच्या, कुणी हात घालायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटी एकेकाला पैसे देत सुटू नका. तसं केलं की आधीचे पाचजण पूर्ण पैसे घेऊन जातात आणि चूक शेवटच्याच्या, म्हणजे तुमच्या, गळ्यात पडते. आधी प्रत्येकानं पाच-पाचच्या थप्प्या लावून आपल्या चिप्स मोजायच्या, शेजाऱ्यानं तपासायच्या, आकडे वहीत उतरवायचे आणि बेरीज करायची. समजा पहिली खरेदी ३००० ची, नंतरच्या चार २००० च्या, एकूण ५०००. एकजण ८५० घेऊन आधीच गेला. मग टेबलावर ४१५० च्याच चिप्स असल्या पाहिजेत आणि तुमच्याकडं रोख व फोन मिळून ४१५० च. चिप्स ४६५० भरल्या, तर एक खरेदी वहीत चढलेली नाही. ४०५० भरल्या, तर शंभराची एखादी चिप सोफ्याच्या फटीत नाहीतर कुणाच्या तरी खिशात आहे. चिप्स बरोबर आणि पैसे कमी, तर उधारी किंवा भजी.

एवढं करूनही कमी पडलेच तर? ते कसं वाटायचं हे पहिला पत्ता पडायच्या आधी ठरवा. आमच्या मते, वही नीट ठेवलेली असेल तर तूट चिप्सच्या प्रमाणात सगळ्यांनी सोसावी : ४१५० च्या जागी ३४५० असतील तर चिप्सच्या प्रत्येक रुपयाला साधारण ८३ पैसे मिळतील. वहीच ठेवली नसेल, तर मात्र तूट यजमानाची.

प्रश्न : खानापूरचा एक मित्र जिंकला की लवकर उठतो. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, शहापूर

उत्तर : उठायची त्याला पूर्ण मोकळीक आहे, भर पावसात रात्री गाडी चालवत जायचं असतं. उठायची वेळ आधी सांगितली की कुणाला राग येत नाही. पण खेळत बसून जिंकलेल्या चिप्स खिशात घालणं चालणार नाही. समोर असेल तेवढंच पणाला लागतं, त्यामुळं तुमचे पैसे जिंकून त्यानं ते बाजूला ठेवले, तर ते परत जिंकायची संधीच तुम्हाला उरत नाही.

प्रश्न : चहा, खाणं, वीज यासाठी प्रत्येक डावातून दहा रुपये काढले तर?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अजिबात काढू नका. तासाला वीस डाव धरले तर चार तासांत ८०० रुपये निघून जातात, आणि ते जास्त डाव जिंकणाऱ्याच्या वाट्यातून जास्त जातात. त्याहून गंभीर गोष्ट कायद्याची. १९६३ च्या कर्नाटक पोलीस कायद्यात जुगार अड्ड्याची जी व्याख्या आहे, तिच्यात जागेच्या मालकाचा किंवा ती वापरणाऱ्याचा फायदा हा मुद्दा येतो. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद दारात पोलीस आल्यावर घालायचा नसतो. पैसे न लावता नुसत्या चिप्सवर खेळलात, तर ही काळजीच राहत नाही.

खाण्यासाठी प्रत्येकी १०० रुपये वर्गणी सुरुवातीलाच वेगळ्या पाकिटात घ्या, यजमानानंही घालायची. बिल पाकिटातच ठेवा. काही उरलेच तर ते पुढच्या महिन्याच्या चहाला. पोकरच्या डब्यात टाकायचे नाहीत.