मुलींसाठी बास्केटबॉल सुरू करायचंय, पण परवडेल असं

प्रश्न : ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला बास्केटबॉलचं वेड लागलंय. घराजवळ कोर्ट आहे पण संध्याकाळी तिथे मोठी मुलंच असतात, मुली कठड्यावर बसून बघतात. क्लासची फी आम्हाला झेपणारी नाही. आम्ही चार आया मिळून आपणच काहीतरी सुरू करू म्हणतोय, पण आमच्यातली एकच जण शाळेत असताना खेळायची. खर्च कसा सांभाळायचा, कोच कुठून आणायचा, फी घ्यायची की फुकट ठेवायचं? सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये.

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी त्या कठड्यापाशीच थांबले. पैशांचं आपण बघूच, पण आधी कोर्टाची वेळ मिळवा. आठवड्यातले दोन दिवस, एकेक तास, आणि तो तास फक्त मुलींचा. कोर्ट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना चौघींच्या सह्यांचं पत्र द्या आणि परवानगी लेखी घ्या, कारण तोंडी परवानगी पहिल्याच स्पर्धेच्या वेळी हवेत विरते. मोठ्या मुलांनाही आधीच जाऊन नीट सांगा, अचानक हटवलं की चिडतात, विश्वासात घेतलं तर त्यांच्यातलेच दोघं-तिघं बॉलमध्ये हवा भरून द्यायला पुढे येतील. अर्धं कोर्ट तुम्हाला पुरतं, पण सुरुवातीचे दोन-तीन महिने दुसऱ्या अर्ध्यात मोठ्यांचा खेळ नको, त्यांचा जोरात आलेला एक बॉल लागला तरी लहान मुलगी परत येत नाही.

आता बॉल. इथे बरेच जण चुकतात, घरात असेल तो मोठा बॉल आणतात. तो 7 नंबरचा, म्हणजे पुरुषांचा, घेर साधारण 75 सेंटिमीटर. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाताला 5 नंबरचा लागतो, साधारण 70 सेंटिमीटरचा, आणि बारा वर्षांच्या पुढे 6 नंबरचा, मोठ्या बायकाही त्यानेच खेळतात. बॉल जड झाला की मुलगी तो कमरेपासून दोन्ही हातांनी उडवायला लागते आणि ती सवय मग वर्षानुवर्षं सुटत नाही. सिमेंटच्या कोर्टवर रबरी बॉल घ्या, महागडा लेदरचा तिथे घासून लवकर खराब होतो. दोघींत एक बॉल हवाच, एका बॉलसमोर बारा जणींची लाइन लावली तर तासात प्रत्येकीच्या हाताला तो किती वेळा लागणार? जमवलेल्या पैशांचा पहिला हिस्सा बॉलवर घाला. टी-शर्ट छापायची घाई करू नका.

रिंगची नेहमीची उंची 3.05 मीटर. ही उंची आली कुठून माहितीये? 1891 मध्ये जेम्स नेस्मिथनी हा खेळ काढला तेव्हा जिमच्या गॅलरीच्या कठड्याला पीच फळाच्या टोपल्या ठोकल्या होत्या, आणि तो कठडा नेमका दहा फुटांवर होता. म्हणजे नऊ वर्षांच्या हातांचा विचार तिथे कुणी केलाच नव्हता. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 2.60 मीटरवर असते. तुमची खाली घेता येत नसेल तर भिंतीवर खडूनं चौकोन काढून नेम धरायला लावा, पहिल्या महिन्यात तेवढ्यानं भागतं. ढकलत न्यायचा स्टँड घेतलात तर त्याचा पाया वजनानं पक्का भरल्याशिवाय कुणालाही लटकू देऊ नका, तो पालथा पडला तर भयंकर लागतं.

आणि 'हा मुलांचा खेळ' असं कुणी म्हणालं तर सांगा की 1892 मध्येच सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिका अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजमधल्या मुलींना हा खेळ शिकवत होत्या.

कोच म्हणून तुमच्या त्या मैत्रिणीलाच घ्या, आणि मदतीला सोळा-सतरा वर्षांच्या दोन खेळाडू मुली शोधा. लहान मुलींना 'ही ताई करते तसं मला करायचंय' असं वाटणं फार मोलाचं असतं. कोर्टवर कायम दोन मोठी माणसं हवीत, एकट्या मुलीसोबत कुणीही एकटं थांबायचं नाही, कोच कितीही ओळखीतला असू दे. घरचे नंबर, दमा वगैरे काही असेल तर त्याची नोंद, आणि न्यायला कोण येणार हे पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं रोज उडी मारून नीट खाली यायला शिकवा, गुडघे वाकवून, आणि ते आत वळू न देता. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात आणि अशा व्यायामानं त्या कमी होतात. याला एक पैसाही लागत नाही, तरी सगळ्यात आधी हेच टाळलं जातं.

फीबद्दल माझं स्पष्ट मत आहे, थोडी घ्या पण ज्याला जेवढं जमेल तेवढी, आणि एकाही मुलीला परत पाठवू नका. हिशोब एकीनंच ठेवायचा, कुणी किती दिले हे कोचलासुद्धा कळता कामा नये. फीची आठवण मुलीकडे कधीच द्यायची नाही, पालकांशी बोलायचं. खरा खर्च शूजचा असतो, लहान झालेले पण तळ शाबूत असलेले शूज एका खोक्यात जमवा, ज्याला लागतील त्यानं न विचारता घ्यावेत.

प्रश्न : आमच्याकडे असा ग्रुप आहे, पण मुली बारा-तेराच्या झाल्या की यायच्या थांबतात. काय करावं?

उत्तर : आधी त्यांनाच विचारा, पण सगळ्यांसमोर नको. बरेचदा कारण टॉयलेट, पाळी नाहीतर कपडे असतं. जवळचं टॉयलेट उघडं राहील हे बघा, किट बॅगेत पॅड ठेवा, 'आज बसते' म्हणाली तर कारण विचारू नका. लेगिंग्ज, सैल टी-शर्ट, हिजाब, जे हवं ते घालू दे, फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, 2017 पासून डोकं झाकायला परवानगी दिलीच आहे.

दुसरं म्हणजे नुसते ड्रिल करून त्या कंटाळतात, त्यांना मॅच हवी असते. थ्री-ऑन-थ्री खेळवा, अर्धं कोर्ट, एक रिंग, दहा मिनिटं किंवा 21 पॉइंट. टीममध्ये तीन आणि एक बदली, म्हणजे बारा जणींत तीन टीम होतात, बाहेर असलेली टीम स्कोअर आणि शिट्टी सांभाळते. टोकियो ऑलिंपिकपासून हा प्रकार तिथेही आहे, हे मुलींना जरूर सांगा. आणि तेरा वर्षांच्या मुलींकडे लहानग्यांचा वॉर्म-अप सोपवून बघा. ज्या यायच्या थांबल्यात त्यांनाही हेच काम देऊन बोलवा, निरोप मात्र त्यांच्या मैत्रिणीकडून जाऊ दे.