नवऱ्यापासून वेगळं राहत असताना सासरचं घर सोडलं नाही, तर निराधारचा पगार बंद होतो का?

नाही ताई, होत नाही. सासऱ्यांच्या घरात राहता म्हणून निराधारचा पगार तुटत नाही, आणि पगार घेता म्हणून घरातला हक्कही जात नाही. तुमचे भासरे, म्हणजे मोठे दीर, या दोन गोष्टींची गाठ मारून तुम्हाला भीती घालत आहेत.

तुम्ही लिहिलंय की नवरा तीन वर्षांपासून पुण्याकडे दुसऱ्या बाईसोबत राहतो, घटस्फोट नाही, दोन लेकरं तुमच्याजवळ, घर सासऱ्यांच्या नावावर. भासरे म्हणतात, माहेरी निघून जा, नाहीतर तहसीलात अर्ज टाकून पगार बंद करतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. नवऱ्यापासून वेगळी झाले तरी त्याच घराच्या ओसरीला लागून असलेल्या खोलीत राहिले, लेकरं तिथंच मोठी केली. आता आमच्या बचत गटातल्या बायकांचे असेच कागद करायला सोबत जाते. त्यामुळे हे सगळं जवळून माहीत आहे.

आधी पगाराचं. संजय गांधी निराधार योजनेत टाकून दिलेल्या बाईला, घटस्फोट झालेल्या किंवा घटस्फोटाचं प्रकरण सुरू असलेल्या बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अट वर्षाच्या उत्पन्नाची आहे, २१,००० च्या आत. डोक्यावर छत आहे हे काही उत्पन्न नव्हे. दुसरी अट पोटगीची: पोटगी मिळत नसावी, किंवा योजनेत ठरलेल्या उत्पन्नापेक्षा कमी मिळत असावी. भासऱ्यांनी अर्ज टाकला तर चौकशीला तलाठी येईल आणि तो एवढंच पाहील की नवरा-बायको खरंच वेगळे राहतात का, बाईला दुसरा आधार आहे का. माझ्या वेळी तलाठ्यानं कागद नंतर मागितले, आधी चूल कुठं आहे ते विचारलं. एकाच घरात दोन चुली असतील तर ते दिसलं पाहिजे. तुमचा गॅस, तुमचा पिठाचा डबा, तुमचं रेशन वेगळं असू द्या आणि शेजारच्या दोन बायका ते सांगायला तयार असू द्या.

रेशन कार्डाचं काम तर आजच हाती घ्या. सासरच्या कार्डातून तुमचं आणि लेकरांचं नाव कमी करून वेगळं कार्ड मागायचं, तहसीलच्या पुरवठा विभागात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कार्डाची कुटुंबप्रमुख असते. म्हणून आज कार्ड सासूच्या नावानं असेल, वेगळं झालं की तुमच्या नावानं होईल. त्या कार्डावर तोच गाव आणि तोच घर क्रमांक आला की तुम्ही तिथं राहता याचा सरकारी पुरावा तयार झाला. एक मात्र ध्यानात ठेवा, निराधारचे १,५०० आणि लाडकी बहीणचे १,५०० दोन्ही घेता येत नाहीत. दोन्ही सुरू असतील तर भासऱ्यांना तक्रारीची जागा तुम्हीच देताय. एक सोडा.

आता घर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बहुतेक बायकांना मारहाणीचा कायदा म्हणून माहीत असतो. पण त्याचं कलम १७ सांगतं की ज्या घरात बाई सून किंवा बायको म्हणून नांदली, तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. कायद्याची रीत सोडून तिला बाहेर काढता येत नाही. घर सासऱ्यांचं आहे, नवऱ्याचं नाही, मग तुझा काय संबंध, हे पूर्वी कोर्टातही चालायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात ते मोडून काढलं. सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा सुनेचं सामायिक घर असू शकतं. सुनेला बाहेर काढायला सासरे ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे गेले तरी तेवढ्यावरून सुनेचा हा हक्क पुसला जात नाही, हेही त्याच वर्षी ठरलं.

पण हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. सासरे म्हातारे असतील, त्यांना त्रास होत असेल, तर कोर्ट त्यांचीही बाजू पाहतं आणि नवऱ्याला दुसरी खोली किंवा भाडं द्यायला लावू शकतं. म्हणून सासू-सासऱ्यांशी भांडण वाढवू नका. तुमचं भांडण नवऱ्याशी आहे.

अर्ज तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे करायचा. तो संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे याच कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत, करता येतो. याच कायद्याच्या कलम १९ खाली घरातून काढू नये आणि घर विकू नये असा आदेश मागा, निकाल लागेपर्यंत तात्पुरता आदेशही मागा. वकिलाचे पैसे लागत नाहीत. कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते आणि बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१००. घराबाहेर काढून कुलूप लावलं तर ११२ ला फोन करा आणि ठाण्यात अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

बाया सगळ्यात जास्त फसतात ते फारकतीच्या स्टॅम्पपेपरवर. भासरे चार पंच बसवतील, चहा होईल, वीस-तीस हजार समोर ठेवतील आणि अंगठा मागतील. मी असे कागद वाचले आहेत. वरच्या ओळी गोड असतात, आम्ही राजीखुशीनं वेगळे होत आहोत. खाली सह्यांच्या अगदी वर एक ओळ असते: ‘यापुढे घरादारावर, शेतीवर व पोटगीवर माझा कोणताही हक्क राहणार नाही.’ अशा कागदानं हिंदू विवाहाचा घटस्फोट होत नाही. एखाद्या समाजाची रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. तरीही पुढं प्रत्येक कचेरीत तोच कागद तुमच्यासमोर नाचवला जातो. सही करू नका. माहेरच्या माणसांनी आग्रह केला तरी करू नका.

पोटगी मागितली तर पगार जाईल, म्हणून कित्येक बाया पोटगीच मागत नाहीत. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. नवरा कमावता आहे, लेकरं त्याची आहेत, आणि दोन लेकरांच्या शाळेला १,५०० पुरत नाहीत. पोटगीचा आदेश झाला पण पैसा येत नसेल तर पासबुक घेऊन तहसीलात दाखवा, योजना पोटगी न मिळालेल्या बायकांसाठीही आहे. आणि घरात राहण्याचा आदेश म्हणजे पोटगी नव्हे.

घटस्फोट झाला की सासरच्या घरात राहण्याचा हा आधार कमजोर होतो. म्हणून आपसी संमतीनं व्हायचं असेल तर खोली कोणाची, हे त्याच अर्जात लिहून घ्या. नवऱ्याच्या नावावर घराचा काही भाग असेल आणि तो द्यायला तयार असेल, तर तुम्ही कायद्यानं बायको आहात तोवरच बक्षीसपत्र नोंदवून घ्या. राहत्या घराचं असं बक्षीसपत्र बायकोला केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वरचा अधिभार किती ते दुय्यम निबंधकाकडे विचारा. नुसतं ग्रामपंचायतीत नाव चढवलं म्हणजे मालकी आली असं समजू नका, नमुना ८ हा करासाठीचा कागद आहे. पण चढवता आलं तर चढवाच. २००३ पासून गावातल्या घरांची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करण्याचा शासनाचा निर्णय आहे, आमच्याकडे तो ग्रामसेवकाला दाखवूनच काम करून घ्यावं लागलं.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट कळल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. हे घर सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलं, की त्यांच्या बापाकडून आलं? कायद्यानं वडिलोपार्जित ठरलं तर नवऱ्याचा हिस्सा आहेच, शिवाय तुमच्या दोन्ही लेकरांचा जन्मानं हिस्सा आहे, मुलगी असली तरी. मग वाटणीचा दावा लेकरांच्या नावानं होऊ शकतो आणि भासऱ्यांची भाषा बदलेल. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखकडून मिळकत पत्रिका घ्या. त्यात कोणाचं नाव कसं आलंय ते इथं लिहा, मग दावा कसा करायचा ते सांगते.