एक्झॉस्ट फॅन सुरू होताच डक्टचा पत्रा आत दबतो. डँपरचं इंटरलॉक कसं लावायचं?

डँपर (डक्टमधली हवेची वाट उघडणारी-बंद करणारी पाती) बंद असतानाच फॅन वेग घेतोय. इंटरलॉक म्हणजे डँपर उघडल्याशिवाय फॅन सुरू होऊ न देणारी जोडणी. डँपर फिरवणाऱ्या साध्या मोटराइज्ड ॲक्च्युएटरला 90 अंश फिरायला साधारण 90 ते 150 सेकंद लागतात, फॅन मात्र काही सेकंदांतच पूर्ण वेगात येतो. तोवरचा सगळा सक्शन पत्र्यावर येतो.

आधी डँपरला उघडण्याची कमांड द्या. ॲक्च्युएटरचा एंड स्विच (तो पूर्ण उघडल्यावर जुळणारा स्विच) फॅनच्या स्टार्टर कॉइलच्या सिरीजमध्ये घ्या. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर त्याच्या रन-एनेबल टर्मिनलवर. हे वायरिंगनेच करा. फक्त बीएमएसच्या (इमारतीच्या यंत्रणा चालवणाऱ्या संगणक प्रणालीच्या) प्रोग्रॅममध्ये ठेवलं, तर कुणी पॅनेल 'हँड'वर (मॅन्युअलवर) टाकताच इंटरलॉक उडतो. 150 सेकंदांचा ॲक्च्युएटर असेल तर 180 सेकंदांत एंड स्विच आला नाही की अलार्म. बंद करताना उलट क्रम: आधी फॅन, तो थांबल्यावर डँपर.

एवढं करूनही पत्रा दबला, तर ॲक्च्युएटरला डँपरच्या शाफ्टशी जोडणारा क्लँप बघा. तो सैल असला की ॲक्च्युएटर फिरतो, एंड स्विच 'उघडा' सांगतो, पण पाती जागची हलत नाहीत. हा दोष फार वेळा सापडतो, आणि पॅनेलवर तो कधीच दिसत नाही. शाफ्टच्या टोकावर पातीच्या दिशेने करवतीची खूण करून ठेवा, म्हणजे डक्ट न उघडता पातीची स्थिती कळते.

आगीच्या वेळी धूर काढणाऱ्या फॅनला मात्र हे जसंच्या तसं लावू नका. एका खराब स्विचमुळे तो फॅन थांबता कामा नये. त्याचा क्रम फायर पॅनेलनुसारच ठरवा.