टाकीत शेवाळ, मासे वर येतायत

प्रश्न: दोन फुटी प्लांटेड टँक (खऱ्या पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी) लावून तीन आठवडे झाले, झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर बसवलाय पण काचेवर तपकिरी थर धरलाय, पानांवर हिरवे धागे आलेत आणि ड्रॉप चेकर (पाण्यात गॅस किती ते रंगाने दाखवणारी छोटी कुपी, निळा म्हणजे गॅस कमी) निळाच दिसतो म्हणून गॅस वाढवला तर मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. काय करू? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: आधी गॅस कमी करा, आजच. मासे वर येतायत म्हणजे त्यांना श्वास घ्यायला त्रास होतोय, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी राहतो, म्हणून रात्री एअर पंप लावाच.

आता ड्रॉप चेकर. त्यात तुम्ही बोअरचं पाणी भरलंय का? बहुतेक तिथेच घोळ आहे, कारण ते पाणी जड असतं आणि गॅस भरपूर असला तरी रंग निळाच दाखवतं. त्यात 4 डीकेएचचं (डीकेएच हे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तयार सोल्यूशनच घाला, मग पोपटी रंग म्हणजे साधारण 30 पीपीएम (दहा लाख भागांत 30 भाग) गॅस, पिवळा झाला तर गॅस जास्त, धोका. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, तेवढ्यात नॉब फिरवत बसू नका. गॅस लाइटच्या दोन तास आधी चालू, लाइट बंद व्हायच्या तासभर आधी बंद.

तपकिरी थर नव्या टाकीत येतोच, पुसून काढा. धाग्यांसाठी लाइट सहा तासांवर आणा, धागे टूथब्रशला गुंडाळून ओढा, आणि आठवड्याला निम्मं पाणी बदला. आपल्याकडे नळ रोज येत नाही, तर एक ड्रम टाकीसाठीच भरून ठेवा, क्लोरीन काढायचं औषध टाकून.