कॉलेजचं नाव सांगताना

मी समुपदेशक. जून उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला: "छोट्या ट्रस्टच्या आयटीआय कॉलेजात घातलंय, पुढे काही होईल ना?" मी आधी विचारते, भीती पोटापाण्याची आहे की चारचौघांत नाव सांगायची?

पहिल्या भीतीचं उत्तर चौकशीनं मिळतं. संस्थेला मान्यता असून भागत नाही. तुमच्या ट्रेडला, म्हणजे मूल जे काम शिकणार त्याला, केंद्र सरकारची (डीजीटीची, पूर्वी एनसीव्हीटीची) आहे का, ते पाहा. वर्कशॉपमध्ये मुलांच्या हातात हत्यारं येतात की सरच करून दाखवतात? मागच्या बॅचची मुलं अ‍ॅप्रेंटिस म्हणून कुठे लागली? त्यांतल्या दोघांना भेटाच. आणि आयटीआयनंतर डिप्लोमा, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगचं थेट दुसरं वर्ष, ही वाट उघडी असते.

दुसरी भीती चिवट.

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातलं एक कुटुंब. मुलगी अशाच संस्थेत फ्रिज-एसीचं काम शिकत होती आणि घरात बोलेनाशी झाली होती. वडील म्हणाले, "मॅडम, मी तिला कधी एका शब्दानं बोललो नाही."

मुलगी म्हणाली, "नातेवाइकांचा फोन आला की बाबा अंगणात जातात. माझ्या कॉलेजचं नाव हळू सांगतात."

ज्या वडोदऱ्यात सयाजीरावांनी १८९० मध्ये कला आणि तंत्रशिक्षणाचं कलाभवन काढलं, जिथे दादासाहेब फाळके शिकले, तिथे हातातल्या कसबाची लाज वाटावी, याचं मला फार वाईट वाटतं.

मी विवेकनिष्ठ विचारांची, म्हणजे भावनेमागचा हट्टी विचार तपासणारी. 'मुलीनं नाव काढावं' ही इच्छा आणि 'काढलंच पाहिजे' हा हट्ट, यांतला 'च' शोधणं हे माझं काम. वडिलांना तो दाखवला. त्यांना पटला, पण हलला नाही.

तिसऱ्या भेटीत मी मुलीला सहज विचारलं, या आठवड्यात काय शिकलीस? ती सांगू लागली. आधी पाइपात नायट्रोजन भरायचा, जोडांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला तिथे लीक. ते बुजवून व्हॅक्यूम करायचा आणि मगच गॅस.

वडील एकदम पुढे सरकले. "म्हणजे आपल्याकडे दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून जातो, तो लीक शोधतच नाही?"

"नाही ना, बाबा!"

ती तिच्या शिक्षणाबद्दल त्यांनी विचारलेली पहिली शंका होती. मी गप्प राहिले. इतक्या वर्षांत कमावलेली कुठली गोष्ट असेल, तर कुठे गप्प राहायचं ही. वाद घालून न हललेला 'च' कुतूहलानं हलतो, हे मी त्या दिवशी शिकले. तेव्हापासून पालकांना एवढंच सांगते: मार्क नंतर विचारा, आधी काम समजून घ्या.

चौथ्या भेटीला ती एकटीच आली. मावशीचा फोन आला होता. बाबा अंगणात गेले नाहीत. झोपाळ्यावर बसूनच त्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं आणि मग पाच मिनिटं लीक कसा शोधतात ते समजावलं.

"बरंच चुकीचं सांगत होते," ती म्हणाली. "मी मध्ये बोलले नाही."